सत्तर टक्क्यांतलं दार नंबर सात

आमच्या हिला ऑफिसात सगळे ‘सत्तर टक्के’ म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ वळली की सत्तर टक्के. मला आधी फार राग यायचा. हल्ली गप्प बसतो, कारण त्या सत्तर टक्क्यांची वाट लावायला जो माणूस निघाला होता तो दुसरातिसरा कोणी नाही, मीच.

ही बांधकाम खात्यात इंजिनियर. काम काय, तर करार लिहायचे. जुनी इमारत पाडायची झाली की ठेकेदार यायचा, दोन दिवसांत सगळं भुईसपाट करायचा आणि राडारोडा नेऊन गावाबाहेर कुठल्यातरी खड्ड्यात ओतायचा. कोणी हूं की चूं करत नसे. हिने केलं. हिने करारात अट घातली की पाडकामातून निघेल त्यातलं सत्तर टक्के पुन्हा वापरात गेलंच पाहिजे. विटा वेगळ्या, लाकूड वेगळं, लोखंड वेगळं, काँक्रीट फोडून रस्त्याच्या भरावाला, आणि कुठली वस्तू कुठे गेली त्याची पावती हवी. आठ वर्षं ती या एका अटीसाठी साहेब लोकांच्या दारात फायली घेऊन उभी राहिली. शेवटी मोठे साहेब कंटाळून म्हणाले, “मॅडम, एका कामावर करून दाखवा. जमलं तर सगळ्या करारांत घालू. नाही जमलं तर हा विषय पुन्हा माझ्या टेबलावर आणायचा नाही.”

काम मिळालं चार खोल्यांच्या एका जुन्या शाळेचं. पाडण्याआधी हिने तीन दिवस आत ठाण मांडून एकूण एक वस्तूची यादी केली. अकरा दारं, सोळा खिडक्या, फरश्या, बेसिनं, सगळं. वजन धरलं शंभर टन. म्हणजे सत्तर टन वाचवायचे.

आता माझं ऐका. मी निवृत्त माणूस, आणि जुनी वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. रोज दुपारी मी हिचा डबा घेऊन शाळेवर जायचो. येताना पिशवी रिकामी. रिकामी पिशवी मला बघवत नाही, त्याला मी काय करू? पहिल्या दिवशी दोन फरश्या टाकल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, अहाहा! पंधरा दिवसांत तीस झाल्या, आमच्या गॅलरीचं रूप पालटलं. मग एक बेसिन आणलं, त्यात झाड लावलं. आणि मग, सांगायला लाज वाटते, हातगाडी करून एक अख्खं दार आणलं. चार पाय ठोकले, वर मेणकापड घातलं, झालं जेवणाचं टेबल! हिला सांगितलं जुन्या बाजारातून आणलं. ही “बरं” म्हणाली आणि त्यावर कागद पसरून बसली. दिवसभर दारं मोजणारी बाई आठवडाभर दारावर जेवली. डोकं कामात असलं की हिला समोरचा नवरा दिसत नाही, दार कुठलं दिसायला!

मोठ्या साहेबांपुढे हिशेब मांडायच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी बेरीज झाली. एकोणसत्तर टन आठशे किलो. दोनशे किलो कमी! यादीत दारं अकरा, पावत्या दहा.

“तो ठेकेदारच चोर आहे,” ही म्हणाली आणि डोळे पुसले. दार गायब झाल्यापासून त्याला तिने तीन पत्रं धाडली होती. तिसऱ्यात तर ‘यापुढे काम दिले जाणार नाही’ असंही होतं. मी आपला मेणकापडाच्या सुरकुत्या काढत बसलो.

तेवढ्यात तिसरं पत्र हातात नाचवत ठेकेदार स्वतःच आला. धिप्पाड गडी, पण अगदी रडकुंडीला आलेला. “मॅडम, आईशपथ सांगतो, त्या दाराला मी हातसुद्धा लावलेला नाही!” असं म्हणून त्याने त्याच दारावर थाडकन हात आपटला.

कप उडाला, मेणकापड सरकलं. ठेकेदार वाकून बघायला लागला.

“मॅडम, तुमच्या टेबलाला किल्लीचं भोक कशाला हो?”

हिने मेणकापड दोन बोटांनी उचललं. खाली खडूने लिहिलेलं होतं, हिच्याच अक्षरात: ‘दार नं. ७’.

“अहो,” ही म्हणाली. बस्स, एवढंच. बावीस वर्षांच्या संसारात त्या ‘अहो’ला मी इतका कधी टरकलो नव्हतो.

मग बेसिन निघालं, फरश्या निघाल्या. न्हाणीघरातला वजनकाटा आला. दार मी उचलून काट्यावर उभं राहायचं आणि माझं वजन वजा करायचं असं ठरलं. घरात मी माझं वजन बहात्तर सांगत आलो होतो. ब्याऐंशी निघालं. ठेकेदार खो खो हसला. ही हसली नाही. सगळं मिळून भरलं दोनशे बारा किलो.

“जमलं की!” मी म्हणालो. “आत्ता गुपचूप नेऊन ढिगात टाकतो. कोणाला पत्ता लागणार नाही.”

“आणि यांना मी चोर म्हणाले त्याचं काय?” ही म्हणाली. ठेकेदार “जाऊ द्या मॅडम” म्हणत होता, पण ही ऐकते कुणाचं! कागद ओढून लिहायलाच बसली: ‘सदर साहित्य ठेकेदाराने नव्हे, माझ्या पतीने माझ्या नकळत नेले. ठेकेदारास पाठवलेली तिन्ही पत्रे मी मागे घेते. साहित्य सुस्थितीत आहे.’

“अगं, एक नागरिक असं लिही ना!” मी गयावया केली.

“पावतीवर नाव लागतं,” ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला बैठकीला हजर केलं. मोठ्या साहेबांनी कागद वाचला, मग मला नखशिखांत न्याहाळलं.

“हेच का ते पती?”

“हो,” ही म्हणाली.

“सुस्थितीत आहेत?”

सगळी खोली हसली. ही मात्र हातातले कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होती. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षं, आणि मी पिशवी भरत होतो! साहेब म्हणाले, “संध्याकाळपर्यंत पावत्या आणा.”

मी एकट्याने सगळं खाली उतरवलं, कंबर कामातून गेली. दार ठेकेदाराने आपल्या साइटवरच्या खोलीला मागून घेतलं, फरश्या दवाखान्याच्या अंगणात गेल्या, बेसिनही तिथेच. पाचच्या ठोक्याला पावत्या साहेबांपुढे. सत्तर टन बारा किलो!

आता खात्याच्या प्रत्येक करारात ती अट आहे. परवा हिने छापील करार घरी आणला, मी चष्मा लावून वाचला. अट सोळावी, सत्तर टक्के. तिच्याखाली नवीन सतरावी: ‘अधिकाऱ्याच्या पतीस कामाच्या जागी प्रवेश नाही.’

“हे कोणी घातलं गं?”

“मी,” ही म्हणाली.

मी ते तीनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. अख्ख्या खात्यात स्वतःचं कलम असलेला नवरा मी एकटाच आहे.