बंद राहिलेला खटका

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज टेकडीच्या पायवाटेवरून एक मुलगी सायकलने उतरताना दिसली आणि तेव्हापासून बसवत नाही. दगड आला की सायकलचं पुढचं, धक्के झेलणारं सस्पेन्शन दबायचं, पुन्हा वर यायचं. चाक जमीन सोडत नव्हतं.

साठीनंतर मी आणि माझा मित्र अरविंद अशाच सायकली चालवायचो. चढावर पेडल मारताना सायकलला झोके नकोत म्हणून एकदा त्याचं सस्पेन्शन मीच खटका फिरवून बंद केलं, म्हणजे ताठ केलं. माथ्यावर गप्पांच्या नादात ते उघडायचं राहिलं. उतारावर पहिल्याच मोठ्या दगडावर चाक उडालं, हँडल वळलं आणि तो पडला.

दवाखान्यात म्हणाला, "वय झालं रे. हात ऐकत नाहीत आता."

मी म्हणालो, "चालायचंच."

त्याने सायकल विकली. पुढे जिनासुद्धा तो भीत भीत उतरायचा. ताठपणा चढावर कामाचा, उतारावर दबता यायला हवं. मला ते जमलं नाही. एक वाक्य कितीदा त्याच्या दारापर्यंत नेलं आणि चहा पिऊन तसंच परत आणलं. आता तो नाही.

अरविंदा, तुझे हात ऐकत होते. खटका उघडायला मी विसरलो होतो.