शून्यावरची सही

‘लाल पेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंनी भाचीला पास करायला पेपरातल्या शून्याचे चार केले, अशी कुजबुज आमच्या शाळेत वर्षभर चालली होती. स्टाफरूमच्या चहाबरोबर ती मीही चवीने चघळली, खोटं कशाला बोलू? भाची सख्खी की चुलत, यावर आमच्यात दोन तटही पडले होते.

बाई भाषा शिकवत. शिकवत कसल्या, सोलून काढत. त्यांचा नवरा वाणसामानाची यादीसुद्धा दोनदा तपासून मगच त्यांच्या हातात देतो, असं गणिताचे सर छातीठोकपणे सांगायचे.

त्या वर्षी नववीला एक कादंबरी लागली होती, आफ्रिकेतली. गावावर सैनिक चालून येतात. तेरा वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीचं बोट धरून तेवीस दिवस चालतो आणि सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोचतो. तिथला कारकून नाव विचारतो. मुलगा स्वतःचं नाव सांगत नाही, वाटेत मेलेल्या थोरल्या भावाचं सांगतो.

परीक्षेत प्रश्न आला, ‘मुलाने खोटे नाव का सांगितले?’ गुण चार. याचं आदर्श उत्तर आधीच छापून वर्गात वाटलेलं होतं: भीतीपोटी सांगितले, यातून बालमनाची निरागसता दिसते. पोरांनी ते घोकलं आणि ओकलं. कादंबरीच्या प्रती ग्रंथालयाच्या कपाटात कोऱ्या करकरीत पडून राहिल्या.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मात्र लिहिलं, ‘तो घाबरला नव्हता. छावणीत रोज सकाळी यादी मोठ्याने वाचतात. भावाचं नाव कुणीतरी रोज पुकारावं म्हणून त्याने ते दिलं.’

बाईंनी त्यावर गरगरीत शून्य काढलं. मुलगी तीन गुणांनी नापास झाली. तिचा बाप ट्रकवर ड्रायव्हर. नापास झालीस तर शाळा बंद, घरी बसून धाकट्यांना सांभाळायचं, असं त्याने आधीच बजावलं होतं.

मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली. रडत नव्हती. पेपर तिने बाईंसमोर टेबलावर आपटला.

“बाई, हे शून्य कशाबद्दल?”

“आदर्श उत्तर वाच, कळेल.”

“तुम्ही पुस्तक वाचलंय का?”

गणिताच्या सरांना चहाचा ठसका लागला. बाई ताडकन उठल्या. “चालती हो!”

“शेवटच्या प्रकरणात आहे, बाई. तो स्वतःच बहिणीला सांगतो.”

पोरीचा खोटेपणा तिच्या तोंडावर मारायचा म्हणून बाई तरातरा ग्रंथालयात गेल्या. पुस्तकामागच्या कार्डावर एकच नाव होतं, त्या मुलीचं. बाई कपाटाला टेकून उभ्याउभ्याच वाचत राहिल्या. एक घंटा झाली, दुसरी झाली. इकडे त्यांच्या वर्गात पोरांनी बाजार मांडला, म्हणून मी बोलवायला गेलो. त्यांनी मान वर केली आणि मी आल्या पावली मागे फिरलो. थांबलो असतो तर तापल्या तव्यावर पाण्याच्या थेंबाचं जे होतं, ते माझं झालं असतं.

पुढचं हेडसरांच्या खोलीत झालं. दार उघडं होतं आणि आमच्यापैकी कुणीही बहिरं नव्हतं.

“सर, या मुलीचं उत्तर बरोबर आहे.”

“असेल हो. पण आदर्श उत्तराशी जुळत नाही ना. आज हिला दिलेत तर उद्या चाळीस पोरं दारात उभी राहतील.”

“राहू देत! वाचून येऊन उभी राहू देत! आई गेली, भाऊ गेला, तळपाय सोलवटून निघाले, तरी बहिणीचा हात सोडला नाही त्या पोराने. आणि आपण त्याला भित्रा ठरवतो? वर निरागस म्हणतो! काय निरागस उरलंय हो त्याच्यात? मेलेल्या भावाच्या नावाला तो रोज सकाळी ‘हजर’ म्हणतोय, सर! आणि आपण काय करतोय? दुःख लांबच्या लोकांचं आहे, म्हणून दोन ओळींत उरकून चार गुण वाटतोय!”

“आवाज खाली, बाई. ज्याने उत्तर लिहिलं त्याने काही विचार केलाच असेल ना?”

“विचार? ज्या गाढवाने ते लिहिलं, त्याने शेवटचं प्रकरण उघडूनसुद्धा पाहिलं नाही!”

हेडसर एकदम पेपरवेट फिरवू लागले. बिचारे घाबरले, असं मला वाटलं.

बाईंनी तिथेच शून्य खोडलं, चार लिहिले आणि शेजारी पूर्ण नावाची सही ठोकली. मुलगी पास झाली, शाळेत राहिली. आमच्या जिभांना काम मिळालं.

“काय बाई, भाची काय म्हणते?” गणिताचे सर मुद्दाम विचारायचे.

“तुमच्यापेक्षा बरं वाचते,” एवढंच म्हणून बाई वह्यांत डोकं घालायच्या. फरक झाला तो एवढाच, की हजेरीला नंबर पुकारणं त्यांनी सोडलं. एकेक नाव पूर्ण घ्यायच्या आणि ‘हजर’ ऐकू येईपर्यंत थांबायच्या. त्यात निम्मा तास जायचा, त्यावरही आम्ही हसलो.

खरं काय ते हेडसरांनी निवृत्त झाल्यावर सांगितलं. ती मुलगी बाईंची कुणीही नव्हती. आदर्श उत्तर बाईंनीच लिहिलं होतं, पुस्तक न वाचता.