किशनबाबांचा सत्कार

आज सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. नांदेडला माझ्या भाषणानंतर आयोजकांनी मला शाल पांघरली आणि तिच्या कोऱ्या वासानं मी थेट अर्धापूरच्या आमच्या शाळेत पोचले.

तेव्हा मी सातवीत होते. मंचावर किशनबाबा बसले होते. विशीत औत सोडून बंदूक उचललेला, रझाकारांशी लढलेला हा शेतकरी दर वर्षी पुलावरची चकमक सांगायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या दिवशी सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. बोलताना त्यांना ठसका लागला, म्हणून मी पाणी पुढं केलं. ते ग्लासाकडं बघतच राहिले.

"पुलावर पडलेला त्यो रझाकार बी पाणीच मागत होता," ते माइकवर म्हणाले. "माझ्याच वयाचा. म्या दिलं न्हाई. अजून रोज मागतो."

मुख्याध्यापकांनी मला घाईनं आवरतं घ्यायची खूण केली. मी माइक ओढून घेतला आणि घोषणा दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाबांनी माझी बाही धरली. "पोरी, माझं सांगून झालं न्हाई गं."

इतक्या वर्षांत सत्कार सगळ्यांनी केले; झोप लागते का, हे कुणीच विचारलं नव्हतं. पण आज अंगावर काटा येतो तो माझ्याच उत्तरानं. मी हसून म्हणाले होते, "बाबा, वेळ संपली. आता लेझीम हाय."