बॅगांच्या विभागातली काजळवाली

दुकान उघडायच्या आधी वरच्या मजल्यावर जो कारभार चालायचा, तो गिऱ्हाइकांनी पाहिला असता तर निम्म्याजणी जिन्यावरूनच परत फिरल्या असत्या. मेकअपच्या काउंटरवरच्या सगळ्या मुली लांबलचक आरशासमोर ओळीने बसायच्या आणि नमुन्याच्या ट्रेमधली एकच काजळपेन्सिल या डोळ्यातून त्या डोळ्यात फिरायची. काल दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना लावून दाखवली, तीच पेन्सिल. त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. आयतं मिळतंय, वर छान दिसतंय, मग कोण कशाला नाक मुरडेल?

ओळीच्या टोकाला थोरली बसायची. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून थोरली. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागत असेल. डोळ्यांचं काउंटर तिचं. समोरची बाई हसत असो, बोलत असो, फोनवर कुणाला झापत असो, थोरलीची रेघ हलायची नाही. बायका दोन बस बदलून तिच्याकडे यायच्या आणि जाताना आरशात स्वतःकडे असं बघायच्या, की पाहणाऱ्याला उगाच बरं वाटावं. असा हात मागून मिळत नाही. या बाईचं कौतुक करायला मला कुणाची परवानगी नको.

पण काउंटरच्या बरोबर वर एसीचं तोंड होतं. दुपारपासून थोरलीच्या डोळ्यांत कुणीतरी वाळू टाकल्यासारखं व्हायचं आणि संध्याकाळी डोळे लालबुंद. नवरा बेकरीत भट्टीवर काम करायचा. तो म्हणायचा, "आगीसमोर मी उभा राहतो आणि डोळे लाल तुझे! हा कुठला न्याय?"

थोरलीने यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. डोळा लाल दिसला की पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काजळ जाड भरायचं. काळ्यापुढे लाल दिसत नाही. पुढे लाली वाढली, तसं काजळही वाढलं. ही युक्ती तिला इतकी पसंत पडली की काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक थकल्याभागल्या बाईला ती मोठ्या हौसेने शिकवायची.

शेवटी एके दिवशी डोळा उघडेचना, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिची पापणी उलटून पाहिली, भिंगातून बराच वेळ पाहिली, आणि विचारलं, "इथे आत रोज काय भरता?"

"काजळ. लाली झाकायला."

"अहो, लाली त्यानेच येतेय. पापणीच्या कडेला तेलाची बारीक छिद्रं असतात. त्या तेलामुळे डोळ्यातली ओल टिकते. तुम्ही ती छिद्रं लिंपून टाकलीत. मुळात डोळे कोरडे, त्यात हे. शिवाय पेन्सिल दहाजणींची!"

आयुष्यभर जिथे हात चालवला, तिथे अशी छिद्रं आहेत हे थोरलीच्या गावीही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले, कोमट पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत डोळ्यांना काही लावायचं नाही. मग लावा, मी कायमची बंदी घालत नाहीये. पण पापण्यांच्या बाहेरून, आणि स्वतःच्या पेन्सिलीने."

दुसऱ्या दिवशी थोरली कोऱ्या डोळ्यांनी कामावर आली. मॅनेजरबाईंनी तिला बाजूला घेतलं. त्याही याच काउंटरवरून वर चढलेल्या, थोरलीच्या बरोबरीच्या. "हे बघ, न्हाव्याचंच डोकं विस्कटलेलं असलं तर त्याच्याकडे कोण जाईल? काजळ लाव, नाहीतर खाली बॅगांच्या विभागात जा. आणि तिथून परत वर बोलावीन असं मी म्हणत नाही."

बॅगांचा विभाग म्हणजे तळघर. तिथे बॅगा असतात आणि बॅगा बघून परत जाणारी माणसं असतात. हे काउंटर गेलं तर आपल्याकडे उरतं काय, असं थोरलीच्या मनात आलं आणि खोटं कशाला सांगू, तिने पेन्सिल उचललीसुद्धा.

तेवढ्यात दुकान उघडलं आणि तिची जुनी गिऱ्हाईक, एक शिक्षिका, समोर येऊन बसली. दोन्ही डोळे सुजलेले, कडा लाल.

"ताई, तुम्ही सांगितलं तसं आत भरते हो," ती म्हणाली, "पण हल्ली कितीही भरलं तरी झाकतच नाही. यापेक्षा काळं काही आहे का?"

थोरलीला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. तिने हातातली पेन्सिल ठेवली, मऊ कापूस भिजवून आणला आणि त्या बाईचे डोळे हलक्या हाताने पुसायला घेतले.

"यापेक्षा काळं आहे, पण मी देणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता, आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आज काही घेऊ नका. आधी डोळे दाखवून या."

गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं आणि मॅनेजरबाईंनी तळघराकडे बोट दाखवलं.

बॅगांच्या विभागात थोरलीचा जीव रमेना. चाकं फिरवून दाखव, कुलूप लावून दाखव. पहिल्या रात्री घरी येऊन ती रडली, आणि कोरड्या डोळ्यांना रडणंही झोंबतं हे तिला नव्याने कळलं. नवऱ्याने थेंबांची बाटली आणून हातात दिली. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

मग एक दिवस ती शिक्षिका जिना उतरून आली. डोळे निवळले होते. "आता लावायची परवानगी मिळालीय. कसं लावू?"

थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. झाकणात आरसा असलेली एक छोटी पेटी विक्रीला होती, ती उघडून ठेवली आणि बाईंना एका भक्कम सुटकेसवर बसवलं. "नवी पेन्सिल आणलीत? तुमचीच ना? आता आधी थेंब घाला आणि जरा थांबा. ओल्यावर घाई केली की सगळं आत उतरतं. हं, आता बाहेरून, पापणीच्या केसांच्या वर. चमचम अजिबात नको, तिचे कण डोळ्यात जातात. आणि झोपायच्या आधी पुसायचं, कितीही दमलात तरी."

रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण डोळा कसा जागा झाला!

शिक्षिकेने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने नणंदेला. हळूहळू बॅगांच्या विभागात अशा बायका यायला लागल्या ज्यांना कुठेही प्रवासाला जायचं नव्हतं. पर्समधून जुनापुराणा मस्करा काढायच्या, थोरली तो हुंगायची आणि सरळ टोपलीत टाकायची. "हा तुमच्या लग्नातला का हो?" बाई ओशाळून हसायची. एवढं सगळं चालायचं, आणि थोरलीचे स्वतःचे डोळे मात्र अजून कोरे. डॉक्टरीणबाई हो म्हणत नव्हत्या.

ही वर्दळ वरच्या मजल्याला कळायची ती कळलीच. एके दिवशी दुकान बंद होताना मॅनेजरबाई खाली आल्या. आता आपली बॅगांमधूनही उचलबांगडी होणार, असं समजून थोरली उभी राहिली.

"वर परत यायचंय का तुला?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"यायचंय," थोरली म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "मॅडम, किती बायकांना मी ते आत भरायला शिकवलंय, त्यांचे पत्तेही मला माहीत नाहीत. त्या कधीतरी काउंटरवरच येणार. तेव्हा मी तिथे असायला हवं. पण माझे डोळे असेच असतील. आणि ती दहाजणींची पेन्सिल मी कुणाला लावणार नाही."

मॅनेजरबाईंनी एक सुटकेस पुढे ओढली, तिच्यावर बसल्या आणि चष्मा काढला. जाड काजळामागे दोन्ही डोळे लाल होते.

"पहिल्यांदा तू मलाच शिकवलं होतंस, थोरले," त्या म्हणाल्या. "पूस."