दादाची नऊ गाणी

माझा दादा एकोणीस वर्षं एका नावाजलेल्या मेटल बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा, असं आईचं मत. त्याने बँड सोडला तेव्हा सगळे म्हणाले, याचं डोकं फिरलंय. फिरलं नव्हतं. बाकीच्यांना तीच जुनी गाणी जन्मभर दळायची होती, त्याला नव्हती. आता तो दिवसा टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. तेवढ्यातूनच त्याने स्वतःच्या नऊ गाण्यांची रेकॉर्ड काढली. आयोजकांना फोन करायचं काम माझं. "ताई, बँडचं नाव टाकलं तर चालेल ना?" हे ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

शेवटी एका हॉलवाल्याने शब्द दिला: फक्त दादाची गाणी, नऊच्या नऊ. रेकॉर्ड निघाल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा ती लोकांसमोर सलग होणार होती. पोचलो तर दारावरच्या पोस्टरवर बँडचं नाव हातभर आणि दादाचं बोटभर. मी हॉलवाल्याची चांगली खरडपट्टी काढली. तो निर्लज्जासारखा हसला.

"मग तिकिटं कशी खपणार, ताई?"

तिसऱ्या गाण्यानंतर लोक बँडच्या एका जुन्या गाण्यासाठी गळा काढायला लागले. भाड्याने आणलेला गिटारवाला, हरामखोर, टाळ्यांसाठी तेच वाजवायला लागला. दादाने माइक स्टँडला अडकवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. लोकांनी अख्खं गाणं म्हटलं, त्याच्यासमोर, त्याच्याशिवाय. मी साउंडवाल्याशेजारी उभी राहून एकेकाला मनात शिव्या घालत होते. मग दादाने उरलेली सहा गायली. तोवर निम्मा हॉल रिकामा झाला होता.

वायरी गुंडाळताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. हॉलवाला असला, लोक तसले, कुणाला कशाची किंमत नाही. दादाने बराच वेळ ऐकून घेतलं.

"तुझेपण ओठ हलत होते," तो म्हणाला.

"काय?"

"स्टेजवरून दिसतं सगळं. शेवटच्या ओळीपर्यंत म्हणत होतीस." त्याचा घसा बसला होता. "माझ्या नऊमधलं एक म्हणून दाखव. कडवं नको, पहिली ओळ म्हण."

नऊही गाण्यांची नावं मला क्रमाने पाठ होती. फोनवर किती जणांना सांगितली असतील! पुढे एक शब्द येईना. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठा संताप आला.

"मी काय रिकामटेकडी आहे, गाणी पाठ करत बसायला?" मी त्याच्यावरच खेकसले.

त्याने माझ्या हातातली वायर काढून घेतली आणि स्वतः गुंडाळायला लागला.