मुरमाखालची काळी माती

आमच्या गावच्या देवळाला आणि मशिदीला फसवलं ते मी. युनूसनं नव्हे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्ही समोर बसलाय असं धरून बोलतोय — मध्येच थांबलो तर ढकलू नका, मी हट्टी माणूस आहे, उलटा फिरेन.

कामथडीच्या पुढं, हायवेपासून आत, नदीकडेला माझी वीटभट्टी होती. वाडवडिलांनी ठेवलेलं काही नव्हतं. दुसऱ्याच्या टेम्पोत विटा भरता भरता मी ती उभी केली. दगडी कोळशावर चालायची. धूर व्हायचा — भट्टी म्हटल्यावर धूर होणारच की.

गावात मोबाईल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. देवळाचा सभामंडप आणि मशिदीचा वजूखाना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायची जागा, एकाच वेळी बांधायला निघाले. दोन्ही कमिट्या एकत्र बसल्या आणि ठरवलं, कोळशावर भाजलेली वीट देवाच्या घराला लावायची नाही. विटा दाबायचं हाताचं यंत्र आणायचं. तांबडी मुरमाड माती, थोडं सिमेंट, आणि वाळवायला ऊन. भिंती उभ्या राहिल्या की गावोगावच्या माणसांना त्या दाखवायच्या आणि भोरच्या कचेरीत अर्ज द्यायचा, की प्रत्येक भट्टीला असं यंत्र मिळावं.

मला कुणी बोलावलं नाही. ठरवून झाल्यावर सांगायला आले. हे मला आजही लागतं — का लपवू?

"पोरांच्या छातीत धूर भरायचा आन त्याच विटांवर हुबं राहून दुवा मागायची? न्हाई जमत, दत्तूशेट," जमातीचे हाजीचाचा म्हणाले.

"तुमच्या घराला कुणाची वीट हाय, चाचा? तवा न्हाई लागला धूर?"

देवळाचे अण्णा मध्ये पडले. "तुझीच हाय, आन चांगली हाय. म्हणून तर आलो. हे बघ, भट्टीवरच्या एकाचीबी चूल इझता कामा नये. यंत्रावर पयला हात तुझ्याच माणसांचा. आन माती तू द्यायची."

मातीच्या भावावर मी त्यांना उन्हात ताटकळत ठेवलं. दोघं म्हातारे, दोघांच्या टोप्या घामानं भिजलेल्या. शेवटी मी म्हणेन तो भाव त्यांनी मान्य केला. तिथंच माझं समाधान व्हायला हवं होतं, नाही का?

यंत्र त्यांनी युनूसच्या हाती दिलं. युनूस वर्षानुवर्षं माझ्या भट्टीची आच सांभाळायचा. खोकल्यावरनं मला कळायचं, तो भट्टीच्या कुठल्या अंगाला आहे. दिवसभर यंत्रावर राबायला लागला तसा त्याचा खोकला कमी झाला. तेही मला सहन झालं नाही — माझ्या भट्टीचं नाव त्याच्या छातीनंच खराब केल्यासारखं वाटलं.

मग मी काय केलं?

ट्रकात खाली नदीकाठची काळी माती भरली आणि वर मुरूम पसरला. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. युनूसला तर होतंच. खेप रिकामी झाली तेव्हा मूठभर माती घेऊन तो माझ्याकडं आला.

"शेट, माती काळसर वाटती."

"वली हाय रं. वाळली की हुईल तांबडी."

माती त्याच्या मुठीत होती. ओली का कोरडी, त्याला कळत नव्हतं का? पण माझ्या तोंडाकडं बघून तो म्हणाला, "तुमी म्हनता तर." आणि माती यंत्रात घातली.

वजूखान्याची भिंत आधी उभी राहिली. पाणी सुरू झालं. एका शुक्रवारी ऐन गर्दीत ती फुगून आत कोसळली. हाजीचाचांचा पाय खाली सापडला. त्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत.

भैरवनाथाच्या पटांगणात बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, युनूसनं सिमेंट खाल्लं. दुसरा म्हणाला, बेलभंडारा उचलून देवाची शपथ घ्या. पहिला मी उठलो. देवाच्या पायरीवर उभा राहून भंडारा उचलला आणि म्हणालो, "मातीत खोट न्हाई." हात हलला नाही. सौदे करून करून माझा हात हलायचा विसरला होता.

मग युनूसला म्हणाले, तू मशिदीच्या दारात कसम घे.

"जिथं चाचा पडलं तिथं उभं राहून कसम? न्हाई," तो म्हणाला. "मला येवढंच इचारायचंय. शेट, माती वली व्हती का?"

कुणाला काही कळलं नाही. लोक हसले. "भिताड पडलं आन ह्यो माती वली का सुकी इचारतोय," एक जण म्हणाला. मला मात्र कळलं. सगळ्यांसमोर आरोप करून तो मला पाडू शकत होता. त्यानं तसं केलं नाही. मला परत फिरायला वाट ठेवली.

"व्हय. वली व्हती," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघून गेला. कसम नाकारली म्हणजे चोरच, असं गावानं धरलं.

यंत्र परत गेलं. भोरच्या कचेरीतला अर्ज लिहिलाच गेला नाही. आजूबाजूच्या गावांतून भिंत बघायला येणारे होते, त्यांना पडलेला ढीग दिसला. अण्णा पुन्हा माझ्या दारात आले आणि मान खाली घालून म्हणाले, "दे बाबा तुझ्याच विटा." मी दिल्या. यंत्रावर गेलेली माणसं परत धुरात आली. युनूस तेवढा आला नाही. बायकोपोरांना घेऊन पानशेतकडं बंगल्यांच्या बांधकामावर गेला. त्याला बोलवायला मी गेलो नाही. रोज त्याचा खोकला ऐकत कसा बसलो असतो?

मला आधी विचारायला हवं होतं, असं मी अजूनही म्हणतो. पण विचारलं असतं तर मी काय वेगळं केलं असतं? काही नाही. तरीही हेच केलं असतं.

सभामंडप माझ्या विटांचा आहे. पक्का आहे. सणावाराला लोक त्यात बसतात आणि बोलता बोलता कुणीतरी युनूसचं नाव काढतंच — सिमेंट खाणारा म्हणून. ह्याचा जाब कुणीतरी दिला पाहिजे. अण्णा गेले, हाजीचाचा गेले. राहिलो मी. मला त्याच पायरीवर उभं करा आणि युनूसनं विचारलं तेच पुन्हा विचारा.

माती कोरडी होती.