रंगाऱ्यानं सोडलेली जागा

नोकरीत पाहिलेल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणत्या चोराचा चेहरा कोणत्या चोरीला लावायचा, तेही नीट सांगता येत नाही. बॅटरीच्या डब्याची केस मात्र डोक्यात जशीच्या तशी राहिली. त्यातल्या कोणाचं नाव मी इथे घेणार नाही. सगळे जिवंत आहेत आणि बीड जिल्ह्यातच राहतात.

माझं शिक्षण सातवी. नवरा पोलिसात होता, तो वारल्यावर मला घेतलं. हवालदार म्हणून निवृत्त झाले. हे सांगायचं कारण एवढंच की बॅटरीतलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. माणसांचं थोडं कळतं.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत एक दूध संघ आहे. गावोगावचं दूध तिथे येतं, थंड करून ठेवतात, मग टँकरनं पुढे जातं. लाइट गेली की जनरेटर सुरू करायचा आणि डिझेल जाळत बसायचं. छतावर सोलर बसवलं होतं, पण ऊन दुपारी आणि दूध सकाळ-संध्याकाळी. म्हणून दुपारचं ऊन साठवून ठेवणारी मोठी बॅटरी घ्यायचं ठरलं. ही बॅटरी म्हणजे ट्रेलरवर येणारा लोखंडी कंटेनर. गावात सगळे त्याला डबाच म्हणायचे.

डबा कोणाकडून घ्यायचा हे ठरवायला संघानं कमिटी केली. चेअरमन, मॅनेजर आणि संघाची इंजिनियर. इंजिनियर म्हणजे जवळच्याच गावची मुलगी, वडील शाळेत शिपाई. तिचे प्रश्न ठरलेले होते. आतल्या बॅटऱ्या कोणी आणि कधी बनवल्या, एकीनं पेट घेतला तर बाकीच्या कशा वाचणार, बिघाड झाला तर माणूस कुठून येणार आणि किती लवकर. दोन कंपन्यांनी उत्तरं पाठवली आणि कारखाना बघायला या म्हणाल्या. तिसऱ्या कंपनीचा एजंट स्वतः आला. पांढरे बूट, गोड बोलणं. चेअरमनना म्हणाला, "साहेब, कागद काय चाटायचेत? डबाच दारात आणून उभा करतो. चालवून बघा, मग बोलू."

त्यानं खरंच आणला. पुढारी येणार म्हणून मला बंदोबस्ताला पाठवलं होतं. हिरव्या रंगाचा, लांबलचक, घराच्या दारात टाकावी तशी त्याच्याही उंबऱ्यावर नवी मॅट टाकलेली. दिवस मावळायच्या सुमाराला संघाचा मेन स्विच पाडला. मी सवयीनं जनरेटरच्या भडभडाटाची वाट बघत उभी राहिले. काहीच आवाज झाला नाही. दिवे तसेच. दुधाच्या टाक्यांतले पंखे तसेच फिरत होते. डब्यातून फक्त घूं असा बारीक आवाज येत होता. धूर नाही, वास नाही. दुपारी आमच्या डोक्यावर जे ऊन भाजत होतं, ते त्या डब्यात बसून आता दूध गार करत होतं. मी आयुष्यात पुष्कळ काही बघितलं, पण अंगावर काटा क्वचितच आला. त्या संध्याकाळी आला.

चेअरमन तिथेच म्हणाले, "ठरलं. ह्योच घ्यायचा. चांगला दिवस बघून नारळ फोडू."

इंजिनियर म्हणाली, "साहेब, आधी पुरा भरून, पुरा रिकामा करून बघू. सगळा लोड टाकून."

"कशाला? चाललेला दिसला न्हाई का तुला?"

"थोडा वेळ चालला. रोज चालायचाय."

चेअरमन हसले. "पोरगी लई शिकलीय," असं पुढाऱ्यांना म्हणाले आणि चाचणीला होकार दिला.

दुसऱ्याच दिवशी सगळा लोड टाकल्यावर डबा आपोआप बंद पडला. भोंगा वाजला, लाल दिवा लागला. एजंट थेट ठाण्यात आला. त्याचं म्हणणं, इंजिनियरनं मुद्दाम आतली तार काढली, दुसऱ्या कंपनीकडून तिनं पैसे खाल्लेत, माझ्या लाखमोलाच्या मशिनीचं नुकसान झालं, तिला आत घ्या. मागोमाग चेअरमनांचा आमच्या मोठ्या साहेबांना फोन. संघानं मुलीला कामावरून तात्पुरतं बंद केलं होतं. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी तर गेलीच असती, पण या धंद्यात तिला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

मोठे साहेब घाईचे नव्हते. म्हणाले, "बाई, आधी तिचा जबाब घ्या. गुन्ह्याचं मग बघू."

ती बाकावर बसली होती. वडील बाहेर चपला हातात घेऊन उभे होते. ठाण्यात चपला घालून यायचं नसतं असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना चपला पायात घालायला सांगितलं आणि मुलीकडे वळले.

"तार काढलीस?"

"न्हाई."

"कोणत्या कंपनीकडून काही घेतलंस?"

"चहा घेतला. साखर लई होती."

मी तिच्याकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस ठाण्यात विनोद करत नाही. तो शपथा घेतो. पण एवढ्यावर केस उभी राहत नाही. तार कोणी काढली हे डब्याला विचारता येत नव्हतं, आणि डब्याची किल्ली एजंटच्या खिशात होती.

जबाब चालू असतानाच ठाण्यातला फोन वाजला. मीच उचलला. पुरुषाचा आवाज, दबका.

"बाई, दूध संघातल्या डब्याला नारळ फोडणार हायत म्हणं."

"मग?"

"फोडू नगा. त्याचा नारळ कवाच फुटलाय."

"कोण बोलतंय?"

फोन बंद. मागे कॉम्प्रेसरचा फटफट आवाज येत होता, तेवढाच कानात राहिला. मी मुलीला विचारलं, "डब्याची पूजा झाली का गं?"

"न्हाई मावशी. घ्यायचं ठरल्याशिवाय कशाची पूजा?"

मी साहेबांना सांगितलं, दोन पंच घेतले आणि संघावर गेले. एजंट डब्याच्या दारातच होता. मी त्याला आवाज चढवून काही विचारलं नाही. अशा माणसाला बोलू द्यावं. तो स्वतःच भिंत बांधतो, आपण फक्त दार कुठे ठेवायचं राहिलं ते बघायचं.

"साहेब, डबा नवाच ना हा?"

"कोरा करकरीत, मावशी. कारखान्यातून सील लागून आला. सील मी इथं तोडलं, चेअरमनसाहेबांच्या समोर."

"मधी कुठं उघडला?"

"कुठं उघडणार? ट्रेलरवरून थेट इथं."

"कोणी हात लावला नाही?"

"ह्याच्या दारात उभं राहिलेल्या पहिल्या पोलीस तुम्हीच."

हे सगळं शिपायाला लिहून घ्यायला लावलं आणि एजंटची सही घेतली. त्यानं ऐटीत केली. मग मी दारं, कड्या, कोपरे बघत फिरले. आपल्याकडे ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी, कुंकू लावायच्या जागा ठरलेल्या असतात. कपाळ आणि उंबरा. डब्याचं कपाळ, म्हणजे दाराच्या वरची पट्टी, हिरवंगार होतं. राहिला उंबरा. मी मॅट उचलली.

खाली हिरवा रंग होता, आणि मधोमध वीतभर जागा बिनरंगाची. तिथे जुना, उन्हानं विटलेला पांढरा पत्रा दिसत होता आणि त्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. दोन्ही बाजूंना बोटांचे ठसे. नारळाचं पाणी वाळून पिवळा डाग पडलेला, फटीत झेंडूची सुकलेली पाकळी. हिरवा रंग त्या जागेच्या चारही बाजूंना असा सरळ थांबला होता, जसं देवघराच्या दारात माणूस थांबतो.

दोन्ही पंचांनी चपला काढल्या.

एजंट सावरला. "कारखान्यात कामगारांनी लावलं असंल, मावशी. त्यात काय?"

"लावलं असेल. मग पूजा झाल्यावर रंग कोणी दिला?"

पण नुसत्या प्रश्नानं पुरावा होत नाही. मला रंगारी हवा होता, आणि फोनमागचा कॉम्प्रेसर आता आठवला; रंगाचा फवारा मारायला तोच लागतो.

उमापूरच्या रस्त्याला ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्यांची शेड आहे. मी जीपमधून उतरले तेव्हा तोच कॉम्प्रेसर फटफटत होता. हिरव्या बोटांचा एक म्हातारा माझ्याकडे बघून खाली बसला.

"फोन तुम्ही केलता का?"

"म्या कशाला करू?"

"मग घाम का आला?"

"उन्हाळा हाय, बाई."

मी शेजारच्या रंगाच्या डब्यावर बसले आणि पाणी मागितलं. पाणी सावकाश प्यायले. मग तोच बोलला.

"ते बूटवाले सायब डबा घेऊन आलते. पांढरा होता. हिरवा कर म्हनले. एका अंगाला आतून काळा पडलता, जळाल्यावानी. घासून पुट्टी भरली."

"आणि उंबऱ्यावरची खूण?"

"खूण रंगारी पुसत न्हाई, बाई. गाडी जुनी असो, चोरीची असो. ज्याची पूजा, त्यानंच पुसायची. आमी चिकटपट्टी लावून बाजूनं रंग देतो. म्या त्यांना दोनदा म्हनलं, सायब, तेवढं वल्लं फडकं फिरवा. ते हो-हो म्हनले आन् फोनवर बोलत गाडीत बसले."

"मग फोन का केला?"

त्यानं हात पुसले. "एका चिजेला दोनदा नारळ फोडायचा? आन् माझी बी म्हैस त्याच संघात दूध घालती."

पुढचं काम सोपं होतं. म्हाताऱ्याचा जबाब घेतला. साहेबांनी इंजिनियरला बोलावून पंचांसमोर डबा उघडायला लावला. कंपनीचं नाव आणि नंबर असलेल्या नव्या पाट्यांच्या मागे जुन्या पाट्या निघाल्या. म्हाताऱ्यानं पुट्टी भरलेल्या बाजूला तिनं बोट ठेवलं. तिथला पत्रा वितळून पुन्हा गोठलेला होता. जुन्या नंबरांवरून कळलं, हा डबा दुसऱ्या एका जिल्ह्यात आग लागून मोडीत निघाला होता. आगीच्या आधी तिथल्या कामगारांनी खंडेनवमीला त्याची पूजा केली होती, चालत्या यंत्राची करतात तशी.

तार कोणी काढलीच नव्हती. मुलगी म्हणाली, "मावशी, ह्यानं स्वतःच स्वतःला बंद केलं. आतली बॅटऱ्यांची एक रांग तापायला लागली तसा थांबला. आणखी चालवला असता तर पेटला असता." असं म्हणून तिनं डब्याला हात लावला, गायीला लावावा तसा. फसवणारा माणूस खोटं बोलत होता आणि जळालेला, पुट्टी भरलेला डबा खरं सांगत होता.

एजंटनं जुन्या पाट्या बघितल्यावर तासाभरात सगळं कबूल केलं. त्याच्याविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. मुलगी कामावर परत गेली. चेअरमननी माफी मागितली नाही. "आता सगळं तिला विचारून करा," एवढं मॅनेजरला म्हणाले. त्यांच्याकडून तेवढंच निघणार होतं. पुढे ती दोन्ही कारखाने बघून आली, आणि ज्या कंपनीनं तिच्यासमोर डबा पुरा भरून रिकामा करून दाखवला, तिच्याकडूनच घ्यायचं ठरलं.

माणूस ज्या गोष्टीकडे बघण्याची तसदी घेत नाही, तिथेच त्याचा गुन्हा उघडा पडतो, हे मला या केसनं शिकवलं. एजंटनं नवं सील लावलं, पाट्या बदलल्या, रंग बदलला. पण खाली वाकून एक फडकं फिरवलं नाही. आणि एका रंगाऱ्यानं पैसे घेऊन खोटं काम केलं, तरी वीतभर जागेत त्याचा हात चालला नाही. सगळी केस त्या वीतभर जागेवर उभी राहिली. एवढ्या नोकरीत मला याहून नवलाचं काही दिसलं नाही.

नवा डबा बसला तेव्हा मी निवृत्त झाले होते. तरी निरोप आला. चेअरमनांच्या पत्नी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. मुलीनं ताट त्यांच्याकडून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मावशी, तुमी लावा."

"मी विधवा आहे."

"मला ठावं हाय. डब्याला ठावं न्हाई."

चेअरमन एक पाऊल मागे सरकले. मी कुंकू घेतलं. उंबऱ्यावर मॅट होती, ती बाजूला केली नाही. दाराच्या बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असं ठळक लावलं.